आठ-दहा हजारांचा साधा स्मार्टफोन: कुठे निभावतो, कुठे रडवतो

वारजेकर (धागाकर्ता)

दहा हजारांच्या आतला फोन घेऊ का असं कुणी विचारलं की दोनच उत्तरं येतात. एक, 'या किमतीत अजून काय पाहिजे', आणि दुसरं, 'अजून चार हजार घाल आणि नीट घे'. दोन्ही उत्तरं देणाऱ्यांच्या खिशात बहुतेक वेळा तीस हजारांचा फोन असतो. मी सध्या असा एक साधा फोन मुख्य फोन म्हणून वापरतोय, सिम त्यातच, बँक त्यातच, पत्ते शोधणं त्यातच, म्हणून म्हटलं जरा सविस्तर लिहावं. ब्रँड मुद्दाम सांगत नाही. सांगितला की पाचव्या प्रतिसादापासून 'आमच्याला तसं काही होत नाही' सुरू होतं आणि धागा कंपन्यांच्या भांडणात जातो, शिवाय या किमतीतले सगळे फोन आतून एकमेकांचे चुलतभाऊच आहेत.

माझ्याकडचा असा: ४ जीबी रॅम (चालू कामं तात्पुरती धरून ठेवणारी जागा), ६४ जीबी ईएमएमसी (स्वस्तातलं, सावकाश प्रकारचं) स्टोरेज, पावणेसात इंची एचडी+ एलसीडी स्क्रीन, ५००० एमएएच बॅटरी, १३ मेगापिक्सेल, ४जी. साडेसात हजारांना पडला.

बॅटरी हा या फोनांचा खरा मोठेपणा. ५००० एमएएच महागातल्या फोनातही असते पण इथे स्क्रीन ७२० पिक्सेलवाली आणि प्रोसेसर सावकाश, खाणार कोण? सकाळी चार्जरवरून काढला की दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत आरामात जातो. चार्जर मात्र १० वॅटचा. गणित करा, ५००० एमएएच गुणिले ३.८५ व्होल्ट म्हणजे साधारण १९ वॅट-तास, कागदावर दोन तास, पण उष्णतेत वाया जाणारी वीज आणि शेवटी शेवटी फोनने स्वतःच कमी केलेला वेग धरला तर अडीच ते तीन तास. रात्री लावून झोपणाऱ्याला काडीचा फरक पडत नाही.

दुसरं सुख म्हणजे हेडफोनचं गोल भोक अजून शाबूत आहे! आणि त्यामुळे एफएम चालतो, नेट न लागता, कारण हेडफोनची वायर हीच अँटेना. पुण्यात विविध भारती १०१ वर, विद्यापीठाचं विद्यावाणी १०७.४ वर. दोन सिम आणि मेमरी कार्ड अशा तिन्हींना स्वतंत्र जागा, हेही महागड्या फोनांतून आता गेलंच. कॉलचा आवाज खणखणीत.

आता रडगाणं. 'फोन स्लो आहे' हे म्हणणं अर्धवट आहे. एकच अ‍ॅप उघडून त्यातच बसलात तर काही जाणवत नाही, अडतं ते एकातून दुसऱ्यात जाताना. मंडईत भाजी घेतली, सत्तर रुपये झाले, मागे मॅप चालू आहे, व्हॉट्सअ‍ॅपवर कॉल येऊन गेलाय, आणि आता यूपीआयचं अ‍ॅप दाबलं. आधी पांढरा स्क्रीन. मग लोगो. मग बोट मागतो, ते दिलं. स्कॅनर दाबला की कॅमेरा काळा, मग चित्र येतं ते धूसर, मग एकदाचा फोकस. तोवर मावशींनी पुढच्या गिऱ्हाइकाची मेथीची जुडी पिशवीत टाकून त्याचे पैसेही घेतलेले असतात, आणि माझ्याकडे बघतात ते 'खात्यात आहेत ना' अशा नजरेनं. खात्यात आहेत हो, रॅममध्ये नाहीत.

खोक्यावर मोठ्या अक्षरात '८ जीबी रॅम' आणि खाली बारीक अक्षरात '४+४' लिहिलेलं असतं ना, ती वरची चार म्हणजे स्टोरेजचाच एक कोपरा रॅम म्हणून वापरायचा. स्टोरेज मुळात रॅमपेक्षा कैक पटीनं हळू. मी ती सेटिंग बंद केली, फरक शून्य, उलट चार जीबी जागा परत मिळाली.

कॅमेऱ्याबद्दल फार लिहीत नाही. मागे दोन-तीन गोल दिसतात, कामाचा एकच. काही फोनांत दुसरी लेन्स ०.०८ मेगापिक्सेलची असते, ती शोभेला. उजेडात कागदपत्रांचे फोटो ठीक येतात, रात्री देखावे बघायला बाहेर पडलात तर फोटोच्या नादी लागू नका.

आणि एक गोष्ट जी कुठल्याच यूट्यूबवाल्यानं मला सांगितली नाही: या फोनात होकायंत्राचा सेन्सर नाही. याचा अर्थ शनिपाराला उभं राहिल्याशिवाय कळत नाही. मॅपवर निळा ठिपका दिसतो, पण त्याचं तोंड कुठल्या दिशेला आहे ते दाखवणारा तो फिकट निळा पंखा येतच नाही, मग दहा पावलं चालून बघायचं की ठिपका कुठे सरकतोय. चालत असाल तर ठीक, दुचाकीवर असाल आणि वनवे असेल तर ती दहा पावलंही महागात जातात.

तर माझं मत असं झालंय की ज्याच्या दिवसात एका वेळी फोनचं एकच काम असतं त्याला हा फोन उत्तम आहे, आणि ज्याला फोनवर घाईत काम उरकावं लागतं त्याला तो छळेल. खिशात पैसे किती हा प्रश्न त्याच्यानंतरचा. बाकीच्यांचे अनुभव काय?

पेठी_खवचट

शनिपाराला उभं राहून फोनला कशाला विचारता, माणसाला विचारा. माणूस सांगतो. बरोबर सांगेल याची हमी नाही पण दिशा नक्की दाखवतो, हातवारे करून.

हलके घ्या. लेख आवडला. वाचनखूण साठवली.

सिलिकॉन_आजोबा

चांगलं लिहिलंय. यंत्राच्या बाजूनं थोडी भर घालतो, कारण लोक रॅम-रॅम करतात आणि स्टोरेजकडे कुणी बघत नाही.

ईएमएमसीमध्ये एका वेळी एकतर वाचणं होतं नाहीतर लिहिणं, दोन्ही एकदम नाही. यूएफएसमध्ये, म्हणजे महागातल्या वेगवान स्टोरेजमध्ये, दोन्ही एकाच वेळी चालतं. म्हणजे प्ले स्टोअर मागे गुपचूप काहीतरी अपडेट करत असेल तेव्हा ईएमएमसीवाला फोन हातात मेल्यासारखा वाटतो, तो रॅमचा दोष नाही, तिथे लिहिणं चालू आहे आणि तुमचं वाचणं ताटकळलंय. त्यात स्टोरेज गच्च भरलं की अजून वाईट, कारण नवीन लिहायला मोकळे ब्लॉक सापडत नाहीत, आधी जुना पसारा इकडून तिकडे हलवून जागा करावी लागते. म्हणून या फोनांत पंधरा-वीस टक्के जागा कायम रिकामी ठेवा. हा एकच नियम पाळला तरी फोनचं आयुष्य वाढतं.

आणि आभासी रॅमचं म्हणाल तर अँड्रॉइड स्वतःच रॅममधला न लागणारा मजकूर दाबून रॅममध्येच ठेवत असतं, झेडरॅम म्हणतात त्याला, ते जास्त उपयोगाचं आणि ते चालूच असतं. खोक्यावरच्या '४+४' ला भुलू नये याला जोरदार अनुमोदन.

तिसरं, प्रोसेसरचं नाव नका बघू, तो किती नॅनोमीटरवर बनलाय, म्हणजे चिप किती बारीक कोरलीय, ते बघा. युनिसॉक टी६०६ किंवा हेलिओ जी३६ हे १२ नॅनोमीटरचे, डायमेन्सिटी ६३०० सहाचा, स्नॅपड्रॅगन ४एस जेन २ चारचा. आकडा जितका लहान तितकं तेच काम कमी विजेत आणि कमी गरम होऊन. एप्रिल-मे मध्ये पुण्यातसुद्धा हा फरक हाताला कळतो.

मृदुगंधा_

मला सासूबाईंसाठी घ्यायचाय. त्या सहकारनगरला एकट्या असतात, व्हॉट्सअ‍ॅप, नणंदेशी व्हिडिओ कॉल, यूट्यूबवर कीर्तनं, आणि भजनी मंडळाचा ग्रुप. एवढंच. यूपीआय त्या वापरत नाहीत, 'माझे पैसे मला दिसले पाहिजेत' म्हणतात. जुना फोन २ जीबी रॅमचा आहे, तो दर आठवड्याला 'स्टोरेज फुल' म्हणतो आणि मग मला फोन येतो की अगं ते परत आलंय. वारजेकरांच्या हिशेबानं त्यांना साडेसात हजारवाला चालेल का? मिस्टर म्हणतात आईला चांगलाच घेऊ, वीस हजारवाला, पण सासूबाई खोक्यावरची किंमत वाचतात आणि मग तो फोन कपाटात ठेवतात, हे आधी घडलेलं आहे.

वारजेकर

@मृदुगंधा_, एका वेळी एकच काम करणारं माणूस म्हणजे याच की हो! नक्की चालेल. फक्त ६४ जीबीच्या ऐवजी १२८ घ्या, हजारभर जास्त जातील. ६४ मध्ये सिस्टीम आणि कंपनीनं आधीच भरून दिलेली अ‍ॅप्स वजा करता हातात चाळीसेक जीबी उरतात, आणि भजनी मंडळ म्हणजे रोज पहाटे पाचपासून सूर्योदय, कमळ, गणपती आणि 'शुभ सकाळ' चे व्हिडिओ, तेही तेच तेच चार जणांकडून.

नवीन फोन हातात देण्याआधी व्हॉट्सअ‍ॅपच्या सेटिंगमध्ये स्टोरेज आणि डेटाच्या पानावर जाऊन आपोआप डाउनलोड बंद करा, मोबाइल डेटा आणि वायफाय दोन्हीकडे. मग ज्यावर बोट ठेवतील तेवढंच उतरेल. मेमरी कार्ड घालून देऊ असा विचार असेल तर त्याचा उपयोग कीर्तनं साठवायला, व्हॉट्सअ‍ॅपचा पसारा मुख्य स्टोरेजमध्येच राहतो.

चाकावर_पोट

मी पहिल्यांदाच लिहितोय नेहमी वाचतो फक्त, डिलिव्हरीचं काम करतो वाकड हिंजवडी बालेवाडी साइड, तर आमच्या धंद्यात सगळ्यांकडं हेच फोन असतात आठ नऊ हजारवाले कारण पडतात फोन, खड्ड्यात गाडी आपटली की होल्डरमधून उडतो, तीस हजारचा उडाला तर महिन्याची कमाई गेली. त्यामुळं स्वस्त चालत नाय असं म्हणणाऱ्यांनी आमच्याकडं या एकदा.

पण धागाकर्त्यांनी चार्जिंगचं लिहिलंय की फरक पडत नाय, तर रात्री झोपणाऱ्याला नाय पडत बरोबर आहे, आम्हाला पडतो. दिवसभर मॅप चालू डेटा चालू स्क्रीन फुल ब्राइट, संध्याकाळी पाचला बॅटरी पंधरावर येते आणि रात्रीचा गर्दीचा टाइम तर पुढं असतो. अर्धा तास हॉटेलच्या बाहेर चार्जिंगला लावला १० वॅटवर तर वीसेक टक्के चढतात, त्यात काय होतंय. म्हणून मी आता घेताना १८ वॅटच्या खालचा बघतच नाय, बाकी काय कमी असलं तरी चालेल.

दुसरं ऊन. हे एलसीडी दुपारी दोनला काय दिसत नाय. गाडी झाडाखाली घ्यायची, हाताची सावली करायची, मग फ्लॅट नंबर वाचायचा. पावसाळ्यात उलटं, स्क्रीनवर थेंब पडले की आपोआप कुठंतरी टच होतं, माझी एक ऑर्डर त्या थेंबानंच डिलिव्हर्ड दाबली होती मी अजून लिफ्टमध्ये असताना.

होकायंत्राचं शंभर टक्के खरं. सोसायटीच्या गेटवर उभं राहिलं की बाण गरगर फिरतो, बी विंग डावीकडं का उजवीकडं वॉचमनलाच विचारावं लागतं.

पेठी_खवचट

@चाकावर_पोट, बघा, शेवटी माणसालाच विचारावं लागतं. माझा मुद्दा सिद्ध.

(गंमत सोडा, लिहीत रहा तुम्ही. थेंबानं डिलिव्हर्ड दाबल्याचा किस्सा एक नंबर.)

आयटीतला_शेतकरी

थोडा विरोधी सूर लावतो. 'अजून चार हजार घाल' हा सल्ला इथे हसण्यावारी नेलाय पण त्यामागे हिशेब आहे. फोनची किंमत खोक्यावर नसते, ती किंमत भागिले किती वर्षं चालला अशी असते. साडेसात हजारवाल्याला अपडेट किती मिळणार? एक मोठं व्हर्जन आणि दोनेक वर्षं सुरक्षेचे पॅच, तेही तीन-तीन महिन्यांनी, असंच बहुतेकांचं असतं. मग फोन चालतो पण दारं उघडी राहतात, आणि त्याच फोनवर बँक. याउलट दहा हजारांच्या जवळपास चार वर्षांचे अपडेट देऊ म्हणणारे फोन आता आहेत, सॅमसंगचा एफ०६ ५जी २०२५ मध्ये आला तो तसा, आणि जरा वर गेलात तर ए१६ ला सहा वर्षं सांगितलीत. साडेसात भागिले दोन आणि अकरा भागिले चार करून बघा काय येतं ते.

निगडीची_ताई

@आयटीतला_शेतकरी, भागाकार बरोबर आहे हो, पण तो त्यालाच परवडतो ज्याच्याकडे अकरा हजार एकरकमी आहेत. आमच्याकडे पोळ्यांना येणाऱ्या मावशींना मुलीच्या कॉलेजसाठी फोन हवा होता, त्यांनी चार घरांतून उचल घेऊन सात हजार जमवले. त्यांना मी चार वर्षांच्या अपडेटचं गणित सांगितलं असतं तर त्यांनी ऐकून घेतलं असतं, त्या चांगल्या आहेत स्वभावानं, पण फोन सातचाच घेतला असता. वर हप्त्यांवर घ्या म्हणणारे दुकानदार असतातच, व्याज नाही म्हणतात आणि प्रोसेसिंग फी लावतात.

मुलगी त्याच फोनवर नोट्सच्या पीडीएफ वाचते, कॉलेजचे फॉर्म भरते. अडतं कुठे तर मोठी पीडीएफ उघडली की वर्गाचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप बंद पडतो आणि परत गेलं की पीडीएफ पहिल्या पानावर. ती आता पान नंबर हातावर पेननं लिहून ठेवते.

आयटीतला_शेतकरी

@निगडीची_ताई, मान्य. माझा हिशेब ज्यांना निवड करता येते त्यांच्यासाठी. पण सातातच घ्यायचा तर निदान इतकं करा म्हणावं, मावशींनी बँकेचं मुख्य खातं त्या फोनला जोडू नये, थोडे पैसे असलेलं वेगळं खातं जोडावं. किंवा यूपीआय लाइट, त्यात एका वेळी १,००० पर्यंतच जातात आणि शिल्लक ५,००० च्या वर ठेवता येत नाही, म्हणजे पिनशिवाय काही गेलंच तर नुकसान तेवढंच. पिन टाकावा लागत नाही त्यामुळे वारजेकरांच्या मंडईतल्या रांगेतही एक पायरी कमी होईल.

नेटवर्कबाधित

५जी वर कुणी बोललंच नाही अजून. खोक्यावर ५जी छापलंय म्हणजे तुमच्या सिमवर ५जी मिळेलच असं नाही. ५जी दोन प्रकारचं, एक स्वतःच्या पायावर उभं असलेलं (एसए) आणि एक ४जीच्या खांद्यावर बसलेलं (एनएसए). जिओनं पहिल्यापासून एसए लावलं, एअरटेलनं एनएसएनं सुरुवात केली. नोव्हेंबर २०२४ मध्ये रेडमी ए४ ५जी आला साडेआठ हजारांत, चिप चांगली, पण फक्त एसए. म्हणजे एअरटेलवाल्यानं हौसेनं ५जी फोन घेतला आणि वर कोपऱ्यात ४जीच. हे खोक्यावर मोठ्या अक्षरात कुणी लिहीत नाही, वेबसाइटवर खाली कुठेतरी चांदणी करून असतं.

दुसरं बँड, म्हणजे सिग्नलचा पट्टा. एन७८ असतोच, एन२८ आहे का बघा. तो ७०० मेगाहर्ट्झचा, भिंतीतून आत जास्त येतो. तो ७०० वाला पट्टा २०२२ च्या लिलावात एकट्या जिओनं घेतला. आमच्या शुक्रवारातल्या वाड्यात, जाड भिंती, मधल्या खोलीत बाकी सगळे सिग्नल मान टाकतात, तिथे याचा फरक कळतो.

आणि साध्या कामाला ४जी भरपूर आहे. व्हॉट्सअ‍ॅपला ५जी लागत नाही, पण पुढची चार वर्षं फोन ठेवणार असाल तर ५जी घ्या.

जुनं_ते_सोनं

एवढी चर्चा करण्यापेक्षा त्याच आठ-नऊ हजारांत दोन-तीन वर्षं जुना वरच्या दर्जाचा फोन सेकंडहँड घ्या की. यूएफएस मिळतं, अमोलेडची उजळ स्क्रीन मिळते, होकायंत्र मिळतं, कॅमेरा तर विचारूच नका. मी आयुष्यात नवीन फोन घेतलेला नाही. तपकीर गल्लीच्या आसपास आणि पासोड्या विठोबाच्या बाजूला फिरलात की बघायला भरपूर मिळतील.

सिलिकॉन_आजोबा

@जुनं_ते_सोनं, तुमच्यासारख्या पारखी माणसाला हे जमतं, सासूबाईंना नाही. तीन वर्षं वापरलेल्या फोनची बॅटरी दमलेली असते, आणि बदलून घेतली तर ती अस्सल आहे का हे दुकानदारालाही माहीत नसतं. अपडेटही संपत आलेले असतात, म्हणजे शेतकरीसाहेबांचा मुद्दा परत उभा.

तरी घ्यायचाच तर पैसे देण्याआधी *#०६# दाबून आयएमईआय (प्रत्येक फोनचा स्वतःचा ओळख) नंबर काढा, खोक्यावरच्या आणि बिलावरच्या नंबराशी ताडून बघा, मग इंग्रजीत केवायएम लिहून, जागा सोडून, तो १५ आकडी नंबर १४४२२ ला एसएमएस करा. चोरीचा म्हणून ब्लॉक केलेला असेल तर कळतं. सरकारच्या संचार साथी वेबसाइटवरही तपासता येतं. ही सोय मे २०२३ पासून देशभर आहे, तरी लोक फोन घेऊन घरी जातात आणि मग तपासतात.

कात्रजचा_घाट

पूर्वी पाच हजारांत चांगले फोन यायचे राव. आता काय झालंय?

नेटवर्कबाधित

@कात्रजचा_घाट, एक म्हणजे १ एप्रिल २०२० पासून मोबाइलवरचा जीएसटी १२ चा १८ टक्के झाला. दुसरं म्हणजे अ‍ॅप्स फुगली. २०१७ मध्ये गूगलनं अँड्रॉइड गो काढलं ते १ जीबी रॅमच्या फोनांसाठी, अँड्रॉइड १३ गो ला आले तेव्हा कमीत कमी २ जीबी लागेल म्हणाले. २०२१ च्या दिवाळीत जिओफोन नेक्स्ट आला २ जीबीवाला, तोसुद्धा ६,४९९ ला. पाच हजारांत हल्ली जे मिळतं ते फोन म्हणून ठीक, स्मार्ट म्हणून नाही.

पेठी_खवचट

आमच्याकडे नोकिया ११०० आहे. बॅटरी आठवडाभर. टॉर्च आहे. भाजीवाल्या मावशींना रोख देतो, रांग अडत नाही.

अनामिक_भोसरी

प्रकाटाआ (प्रतिसाद काढून टाकण्यात आला आहे)

वारजेकर

बरंच काही नवीन कळलं. @चाकावर_पोट यांचा चार्जिंगचा मुद्दा एकदम पटला. दिवसभर स्क्रीन पेटती ठेवणाऱ्यांसाठी १८ वॅट आणि उजेड हे रॅमच्याही आधी बघायला हवं. दुकानात बघताना फोन घेऊन दाराबाहेर उन्हात या, दुकानदार कुरकुरला तरी. आतल्या ट्यूबलाइटमध्ये सगळेच स्क्रीन छान दिसतात. होकायंत्रही तिथेच कळतं, मॅप उघडून जागच्या जागी गोल फिरायचं, पंखा फिरला तर आहे.

१२० हर्ट्झच्या आकड्याला मात्र भुलू नका. स्क्रीन सेकंदाला १२० वेळा चित्र बदलू शकते, पण तेवढी चित्रं प्रोसेसरनं पुरवायला नकोत का? स्वस्तातल्या फोनात यादी वर-खाली सरकवताना गुळगुळीत वाटतं तेवढंच.

@निगडीची_ताई, त्या मुलीला सांगा पीडीएफ गूगल ड्राइव्हमधून न उघडता फोनवर उतरवून एखाद्या हलक्या रीडरमध्ये उघडायची, बरेचसे रीडर शेवटचं पान लक्षात ठेवतात. आणि फोनच्या सेटिंगमध्ये त्या रीडरला बॅटरीच्या बंधनातून वगळायचं, म्हणजे मागे गेल्या गेल्या मारला जात नाही. फोनमधली आधीपासूनची न लागणारी अ‍ॅप्स काढता येत नसतील तर निष्क्रिय करायची, तेवढीच रॅम सुटते.

निगडीची_ताई

सांगते उद्याच. हातावरची शाई बघून तिच्या मॅडमना ती कॉपी करते असं वाटत होतं :)

मृदुगंधा_

घेतला एकदाचा! ४ जीबी/१२८ जीबी, नऊ हजाराच्या आत. दुकानाबाहेर उन्हात नेऊन बघितला, मिस्टर जागच्या जागी गोल फिरले, दुकानातला मुलगा बघतच राहिला. पंखा फिरला. सासूबाईंना किंमत पाच हजार सांगितलीय, खोकं आमच्याकडेच ठेवलं.

व्हिडिओ कॉल छान चालतात, कीर्तन लावून पोळ्या करतात. मराठी टाइप करायला त्रास व्हायचा म्हणून कीबोर्डवरचा माइक दाखवला, आता बोलून लिहितात, फक्त 'ताई' चं दर वेळी काहीतरी वेगळंच होतं. दोन अडचणी उरल्यात. एक, फोन उघडायच्या आधीच स्क्रीनवर कसलेकसले फोटो आणि बातम्या येतात आणि त्या चुकून त्यावर दाबतात. दोन, अक्षरं मोठी केली तर व्हॉट्सअ‍ॅपमध्ये मोठी झाली पण वरची बटणं तेवढीच बारीक.

वारजेकर

वा! पहिलं म्हणजे लॉकस्क्रीनवरच्या जाहिराती. सेटिंगमध्ये लॉकस्क्रीन किंवा वॉलपेपरच्या पानावर जा, 'कॅरोसेल' किंवा तत्सम नावाचं काहीतरी चालू असेल ते बंद करा. अ‍ॅप बाजाराच्या नोटिफिकेशन येत असतील तर ती नोटिफिकेशन दाबून धरली की बंद करायचा पर्याय तिथेच येतो. दुसऱ्यासाठी फॉन्ट साइजच्या शेजारीच डिस्प्ले साइज असतो, तो एक घर वाढवा, त्यानं बटणंही मोठी होतात. दोन घरं वाढवू नका, मग व्हिडिओ कॉलमध्ये फोन ठेवायचं लाल बटण कधीकधी खाली सरकून अर्धं दिसेनासं होतं.

मृदुगंधा_

एक घर वाढवलं. जमलं. जाहिरातीही गेल्या. त्या विचारत होत्या की मग आता ते पाककृतींचे फोटो कुठे दिसणार.